ओ, नागपूर

सात वर्षांनी नाव अंगणातून निघाली
तेव्हा दत्तवाडीच्या गल्लीत विजेच्या तारा उचलून धरायला
चार पोरं काठ्या घेऊन आली होती.
त्यातलं एक म्हणालं,
काका, फुटाळ्यात मावन का हे?
दुधपचारे काही बोलले नाहीत,
ट्रेलरच्या मागे चालत राहिले
वरातीत चालावं तसे, नवे चपला घालून.

(नवऱ्याला मी आडनावानंच हाक मारते.
फॅक्टरीच्या कँटीनमध्ये ओळख झाली, सवय गेली नाही.)

त्यांच्या आज्याचा डोंगा होता नवेगावच्या तळ्यात,
एका खोडातून कोरलेला.
ढिवराच्या घरात मी आले ती पाण्याला भिऊन;
माहेरच्या विहिरीतही कधी वाकून पाहिलं नव्हतं.

नावेला माझं नाव द्यायचं त्यांच्या मनात.
मी म्हटलं, मी बुडाले तर बुडाले,
माझं नाव काऊन बुडवता?
रंगाचा डबा परत माळ्यावर.

डहाणूला बंदरावरच्या साहेबांनी रजिस्टर सरकवलं.
बोटीचं नाव?
दुधपचारे माझ्याकडे पाहून राहिले, मी पंख्याकडे.
मग मीच लिहिलं: नागपूर.
पुढच्या रकान्यात, गाव: नागपूर.
साहेबांनी दोनदा वाचलं
आणि शिक्का मारला.

दुधाची जुनी वही नेली होती, कोरी पानं उरलेली.

ता. ९. सातपाटी. पेट्रोल वीस लिटर. मी तीनदा ओकले.
ता. ११. मुंबई डावीकडे, रात्रभर. थांबलो नाही.
ता. १४. श्रीवर्धन. वरणभात. वारा नाही.
ता. १५. वारा.

जयगडच्या अलीकडचं वहीत नाही.
मोटर बंद पडली, अंधार होत आलेला.
ज्या हातांनी तीस वर्षं लेथवर
केसाएवढी चूक पकडली,
ते हात स्पार्क प्लग धरून थरथरत होते.
मी म्हणाले, घरीच बसलो असतो.
ते म्हणाले, बस मग घरी.
चार हात लांबीच्या जागेत
दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली,
आणि नाव आपली हळूहळू
खडकांकडे निघाली.
तेव्हा मी सुकाणू धरलं.
कुणी दिलं नव्हतं. शीड फडफडलं, ओढलं गेलं,
माझ्या खांद्यात काहीतरी ताणलं गेलं
ते आजही पोळ्या लाटताना दुखतं.

मग एका ट्रॉलरचा दिवा, आणि वरून आवाज:
ओ, नागपूर! दोर टाक!

दुधपचाऱ्यांनी दोर टाकला.
त्या रात्री मिरकरवाड्यात
एका ताटात जेवलो, न बोलता.
ताट एकच धुतलेलं होतं, एवढंच कारण.

पुढे सगळीकडे तेच. नागपूर आली. नागपूर निघाली.
मतलई वाऱ्यावर पहाटे नागपूर सुटायची
आणि किनारा झोपेतून कूस बदलल्यासारखा
मागे मागे जायचा.
देवगडला मासळीवाल्या बाईनं विचारलं,
तुमच्या नागपूरला समुद्र कुठल्या बाजूला?
मी म्हटलं, सगळ्याच बाजूंना.
लांब आहे, इतकंच.

आता मे. नाव वेंगुर्ल्याला आहे,
जानू तांडेलांकडे, झावळ्यांच्या मांडवात.
इथे डांबर चपलेला चिकटतं,
रस्ते दुपारी बंद दुकानासारखे,
आणि कुलरच्या घरघरीत डोळे मिटले
की पलंग किंचित डावीकडे कलतो.
मी कुणाला सांगत नाही.

काल तांडेलांचा फोन आला:
नागपूर बरी असा, वहिनी.
पण उन्हान लाकूड तडाकता,
म्हणान रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारतंय.

दुधपचारे तेव्हा कुलरच्या टाकीत बादली ओतत होते.
तसेच थांबले, बादली अर्धी हवेत.
म्हणाले, सांग त्यांना, आम्हीही तेच करून राहिलो.

रात्री मी वही काढली.
ता. २२. नागपूर. वारा नाही. पाणी चार बादल्या.
ते खांद्यावरून वाकून वाचत होते.
बोटीचं लिहून राहिली, का घराचं?

मी म्हटलं, सरका जरा,
उजेड येऊ द्या.